मामाच्या भट्टीचा पाइप

वारा सुटला की लोक कपडे काढायला गच्चीवर पळतात, मी बीडमधून पाटोद्याला फोन लावतो. तिथं मामाची खव्याची भट्टी हाय. तिचे किस्से इतके साचलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार धक्के मारतात! सगळे एकाच पाइपाचे. भट्टीचा धूर नेणारा, पत्र्यातून वर गेलेला लोखंडी पाइप. शेजारी कडब्याची गंजी. तापलेला पाइप तिच्यावर पडला तर... जाऊ द्या, नकोच!

*

पहिल्यांदा पाइप हलायला लागला, तेव्हा मामानं पत्र्याच्या भोकात सिमेंट ठासलं.

"आता हल म्हणावं!"

संध्याकाळी वारा आला. पाइप हललाच, आणि सोबत अख्खा पत्रा धडधडायला लागला!

मामी म्हणाली, "आधी नवरदेव एकटाच नाचत होता. आता वरात नाचायलीय!"

*

मग सलीमभाई वेल्डर आले. भोक मोठं केलं, पाइपाला वर कडं घातलं. म्हणाले, "तीन बाजूंनी तारा ताणू."

ते जेवायला गेले तेवढ्यात मामानं एक तार लिंबाच्या फांदीला बांधून टाकली. वारा न्हाई, काही न्हाई, तरी पाइप डुलायला लागला! पळत बाहेर आलो, तर फांदीवर दोन वानरं!

सलीमभाईंनी शांतपणे वर बघितलं. "मामा, ह्यांना कावून कामाला लावलं?"

*

ती तार मग जमिनीत खुंटा ठोकून बांधली. मागच्या उन्हाळ्यात लग्नाची मोठी ऑर्डर होती. मी मदतीला गेलतो. पहिला घाणा उतरला, दुसरा कढईत, आणि लई जोराचा वारा उठला. खुंटाच उपटून आला! पाइप गंजीकडं झुकला, वरून ठिणग्या!

मामा तारेला लोंबकळला. "पिकअप आन बे! लवकर!"

मी पिकअप मागं घेतली. मामानं तार तिच्या हुकाला करकचून बांधली. पाइप सरळ! मी गाडी बंद करून खालीच बसलो.

तेवढ्यात लग्नघरातून फोन. "निघाला का खवा?"

"निघालोच!" म्हणत मामानं डबे गाडीत टाकले, मला ओढून शेजारी बसवलं आणि चावीच्या जागी हात घातला. चावी न्हाई. खिशात न्हाई, सीटखाली न्हाई.

"अगं ए, चावी कुठं गेली?"

मामी कढईवरून मान वर न करता म्हणाली, "भट्टी विझली की सापडंल."