गेलेल्या बाईशी बोलायचं न्हाई

आई मेल्यावर बापाला मला सांभाळणं जमंना, म्हणून पाचव्या वर्षी त्यानं मला चौसाळ्याबाहेरच्या बायकांच्या मठात नेऊन घातलं. काळं लुगडं, काढलेले केस, गावात फिरून भिक्षा. मिळालेलं सगळं कालवून वर पाणी ओतायचं, जिभेला चव कळू नये म्हणून. मला वाढवणाऱ्या थोरल्या साध्वीला मी आईच म्हणायची.

एकोणिसाव्या वर्षी मी तिला म्हणाले, "मला घर पायजे, लेकरू पायजे."

ती म्हणाली, "जा बाई. पण गेलेल्या बाईशी आमी बोलत न्हाई. तिच्या दारची भिक्षा घेत न्हाई, पायाला हात लावू देत न्हाई. ठावं हाय ना?"

ठावं होतं, तरी गेले. चौसाळ्यातच निजामाच्या चावडीवर शिपाई असलेल्या बिजवराशी लग्न केलं. पहिल्याच दिवशी सासूनं भाकरी, वरण, ठेचा, गूळ वाढला. मी सवयीनं सगळं कालवून वर तांब्याभर पाणी ओतलं.

"अगं बया! म्हशीचं आंबोण करतीस का काय?"

मला रडूच फुटलं. बिचारीनं दुसरं ताट वाढलं आन् शेजारी बसून एकेक घास खायला लावला. लई मायेची बाई.

आठवड्याला मठाच्या बाया गल्लीत यायच्या. मी भाकरी घेऊन उंबऱ्यात उभी असायची, आन् आई माझं दार सोडून शेजारणीच्या दारी जायची. असा राग यायचा! वाटायचं, पदर धरून विचारावं, कावून गं अशी करतीस?

मला सातवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. आई शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "सातव्यात जड घागर उचलू नये बाई. आंबट खावं वाटलं तर खावं."

शेजारीण बोळकी, साठीची. "अवो, मला कावून सांगता?" मग तिनं माझ्याकडं बघितलं आन् तिला उमगलं. त्यानंतर दर खेपेला तीच विचारायची, "अजून काय जपावं, आई?" मी दाराआड हसायची बी आन् रडायची बी.

पोरगी झाली. सव्वा महिन्यानं आई गल्लीत आली तशी मी लेकरू घेऊन शेजारणीच्या ओट्यापाशी गेले आन् सगळ्या बायांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घ्यायला पायजे होते. न्हाई घेतले.

पुढच्या आठवड्यात बाया आल्या, ती न्हाई आली. शेजारणीनं विचारलं, तर एकजण म्हणाली, "आईनं प्रायश्चित्त घेतलंय. मौन."

"किती दिवसांचं?"

"मरेपर्यंत."

माझ्याशी बोलत न्हाई म्हणून मी तिच्यावर वर्षभर चिडले होते. आता ती कुणाशीच बोलणार नव्हती, आन् ते माझ्यापायी.