कुंदाताईंचा रिकामा चौकोन

कुंदाताई म्हात्रे कुठलाही फॉर्म तपासायला बसल्या की आधी आपण आज कोण आहोत ते जाहीर करायच्या. "आज मी आमच्या गावची नमूआत्या. चष्मा घरी इसरलाय." मग खरोखरच चष्मा ड्रॉवरमध्ये टाकून स्क्रीनला नाक लावायच्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचेच दीर असायच्या, उजवा हात प्लास्टरमध्ये; त्या दिवशी माऊस डाव्या हातात. महापेच्या आमच्या ऑफिसात त्या टेस्टर म्हणून आल्या तेव्हा मला वाटलं, बाई नाटकी दिसतात. आठवडाभरात कळलं की एवढ्या चुका दुसरं कोणीच शोधत नाही.

आमची कंपनी वेबवरचे फॉर्म बनवते. कुंदाताई घणसोलीच्या, वय पन्नाशीचं, करार दरवर्षी नवा. कोडची एक ओळ त्यांना वाचता येत नसे. त्यावरून कोणी चिडवलं तर म्हणायच्या, "मना कोड कशाला पायजे? फॉर्म भरनाऱ्याला तरी कुठं येतो?"

चेकबॉक्सचा कॉम्पोनंट माझा होता. कॉम्पोनंट म्हणजे एकदाच लिहून ठेवलेला तुकडा. नवा फॉर्म करताना तोच उचलून बसवायचा. चौकोनात टिक केली की 'हो', नाही केली की 'नाही'. कित्येक वर्षं तो सगळ्या फॉर्मांत चालत होता आणि मला त्याचा अभिमान होता.

एका हॉस्पिटलचा रुग्णभरतीचा फॉर्म, नर्सने रुग्णाला विचारून भरायचा, सोमवारी सुरू व्हायचा होता. बुधवारी कुंदाताई नमूआत्या होऊन बसल्या. 'औषधाची ॲलर्जी आहे' यासमोरचा चौकोन त्यांनी तसाच सोडला, फॉर्म पाठवला आणि तयार झालेला रुग्णाचा कागद छापून माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हितं 'ॲलर्जी: नाही' आलंय. आत्या नाय असं कधी बोलली?"

"टिक केली नाही म्हणजे नाही."

"टिक केली नाय म्हंजे तिला कोनी इचारलंच नाय. नर्सबाईला घाई होती, ती पुढं गेली. उद्या डॉक्टर हे वाचनार आनि सुई टोचनार."

"चेकबॉक्स असाच असतो, कुंदाताई. जगभर."

"मंग जगभर चुकलंय," त्या म्हणाल्या. दूध नासलंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. मग म्हणाल्या, "आमच्या गावात जमिनीच्या मोजनीला सायेब आले, तवा मानसं गप उभी राह्यली. काय बोलायचं तेच समजत नव्हतं. कागदावर आलं, हरकत नाय. माझा बाप मरेपर्यंत सांगत होता, मी असं बोललोच नव्हतो."

आमचे मॅनेजर सावंत सर पलीकडून ऐकत होते. "म्हात्रेबाई, उगाच टेन्शन नका देऊ. ठरल्याप्रमाणे चालतंय ना? मग दोष म्हणून टिक करायची नाही. तुमचा करार पण याच महिन्यात नवा व्हायचाय ना?" हे त्यांनी हसत म्हटलं. मीही मान डोलावली. कॉम्पोनंट बदलायचा तर प्रत्येक फॉर्म पुन्हा उघडावा लागणार होता.

कुंदाताई जागेवर गेल्या. संध्याकाळी त्यांचा तपासणीचा अहवाल आला. सरांनी सांगितलं तसं 'दोष आढळला' हा चौकोन त्यांनी रिकामा ठेवला होता. आमचा तो अहवालही माझ्याच कॉम्पोनंटवर बनलेला. त्यामुळे कागदावर छापून आलं: 'दोष: नाही. तपासणारी व्यक्ती: कुंदा म्हात्रे.'

तो कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "टिक करू नका बोलले, मी नाय केली. पन दोष नाय असं मी कुठं बोलले? मी गप बसले, तर तुमच्या चौकोनानं माझ्या नावानं बोलून टाकलं."

मी वीस वर्षं कोड लिहितेय. माझी चूक इतक्या थोडक्यात, इतकी पुरती आणि तीही माझ्याच कोडकडून वदवून मला कोणी दाखवली नव्हती.  तो कागद घेऊन मी उठले आणि सरांना सांगितलं, दोष आहे, माझा आहे, सोमवार जमणार नाही. सर ओरडले. ओरडून झाल्यावर त्यांनी हॉस्पिटलला फोन मलाच करायला लावला.

फोनवर तिथल्या मुख्य नर्स होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, कागदाच्या फॉर्मवर रिकामं दिसलं की आम्ही परत जाऊन विचारायचो. तुमच्याकडे रिकामं काही दिसणारच नव्हतं की!" हे मला कधी सुचलं नव्हतं.

चौकोन काढून तिथे तीन पर्याय ठेवले: 'आहे', 'नाही', 'विचारलं नाही'. आधीपासून निवडलेला एकही नाही, आणि एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. कुंदाताईंनी सबंध आठवडा अख्खं गाव होऊन तो तपासला. त्यांच्या करारावरची सही मी सरांच्या समोर बसून घेतली. पुढच्या वर्षी मात्र त्याच सोडून गेल्या, उरणला मुलीजवळ. तिथे एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागल्या. निरोपाची भाषणं झाली नाहीत. वडे मागवले आणि खाल्ले.

मला कुंदाताई आठवतात त्या हॉस्पिटलचा फॉर्म सुरू झाला त्या दिवशीच्या. दुपारी आम्ही दोघी हॉस्पिटलमध्ये होतो. मुख्य नर्सनी यादी छापली: घाईत भरती झालेले, ज्यांच्यापुढे 'विचारलं नाही' आलं होतं असे रुग्ण. दोन पानं भरली. माझ्या जुन्या चौकोनाने त्या प्रत्येकापुढे 'नाही' लिहिलं असतं. मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. कुंदाताई एकेक नाव ओठ हलवत वाचत होत्या.

"एवढी मानसं," इतकंच म्हणाल्या.

मुख्य नर्स कागद घेऊन वॉर्डात निघाल्या. आम्ही मागे. पहिल्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आजी, कुठल्या औषधाने कधी त्रास झाला होता का?"

म्हातारी हळूहळू वळली. नर्सकडे पाहिलं, मग आमच्या दोघींकडे.

"बस जरा," ती म्हणाली. "सांगते."