बारावीच्या आधीची फाइट

मुलगी चिखलीच्या कॉलेजात बारावी सायन्सला होती, तेव्हा तिच्या बॉक्सिंगच्या सरांनी तिला सांगितलं की आता तुला अठरा पूर्ण झाली, तू प्रोफेशनलमध्ये उतर. तिने घरी येऊन मला समजावून सांगितलं. "माय, आतापर्यंत मेडल भेटे. आता खेळायचे पैसे भेटतीन. पण शहरात राहा लागते. कॉलेज नाई जमत मंग."

मी भाकरी थापत होते. मला वेळेवर बोलणं सुचत नाही.

तिचे बाबा म्हणाले, "परीक्षा होऊ दे. मंग पाहू."

"मंग कायचं पाहता, बाबा? सर म्हनते, दोन वर्षं इथंच राह्यली तर संपलं."

आमच्या वस्तीत शिक्षण सोडणं ही एका घरापुरती गोष्ट नसते. रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतले एक निवृत्त गुरुजी लेकरांना एकेक करून उभं करतात आणि कोणत्या वर्गात आहे ते विचारतात. लेकरू वर्ग सांगतं, सगळे टाळ्या वाजवतात. माझी मुलगी लहानपणापासून खणखणीत आवाजात सांगायची. सायन्सला गेलेली ती वस्तीतली पहिली मुलगी. त्या रविवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "बारावी. पुढचं माहीत नाई."

टाळ्या वाजल्या नाहीत. बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडावर घेतला.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. बाजेवर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, तुझ्या सासऱ्यानं गाव सोडून खदानीत दगड फोडले, पोरं शिकावी म्हनून. अन् ही पोरगी तोंड फोडून घ्याले चालली?"

मुलगी आतून म्हणाली, "गुरुजी, मी फोडून घेत नाई. मी फोडतो."

गुरुजींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग ती बाहेर आली. तिने दाराबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे बोट दाखवलं. "दादा किती शिकला, गुरुजी? एम.ए., बी.एड. तुमीच सत्कार केला त्याचा. अन् आता उंद्री-चिखली, उंद्री-चिखली करून जीपमंदी शिटा भरून राह्यला. त्याले विचारा, बारावीत काय वाचलं होतं ते आठवते का."

माझा मुलगा जीप धूत होता. त्याने मान वर केली नाही. फडकं पिळत राहिला.

गुरुजी गेल्यावर मी चुलीपाशी बसले. मी चौथीपर्यंत शिकले, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती. मला आयुष्यभर वाटत आलं की पुढची शाळा मिळाली असती तर सगळं वेगळं झालं असतं. मुलाला सगळ्या शाळा मिळाल्या. मग मुलीला मी कोणत्या तोंडाने सांगू की शीक? आणि नको शिकू असं तरी कसं सांगू? मी तिच्या बॉक्सिंगच्या सरांना एकदाच पाहिलं होतं. त्यांचं नाक वाकडं होतं, आणि एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं.

शेवटी मुलीनेच मधला मार्ग काढला. फेब्रुवारीत परीक्षेच्या आधी एक फाइट होती. ती खेळून यायचं, परीक्षा द्यायची आणि मग ठरवायचं. तिचे बाबा हो म्हणाले. मीही मान हलवली. दोन्ही होतंय तर कशाला मोडता घालायचा, असं सगळ्यांनाच वाटलं.

फाइटच्या आधी वजन उतरवावं लागतं. ती रोज आडतीतल्या धान्याच्या काट्यावर उभी राहायची. हमाल तिला चिडवायचे, "या वक्ताले क्विंटल भरतं का वं?" ती अंगाला प्लास्टिक गुंडाळून दुपारी शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने पळायची. पाणी कमी प्यायची, सारखी थुंकायची. मी ताटात भात वाढला की ती ताट बाजूला सारायची. रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. तिचे ओठ फाटले होते. ज्या लेकराने पोटभर खावं म्हणून मी दुसऱ्याच्या वावरात राबले, ते माझ्यासमोर मुद्दाम वाळत होतं. आणि मी पाहत होते.

ती फाइट जिंकली. फोनवर तिच्या आवाजापेक्षा मागचा गोंगाटच जास्त ऐकू येत होता. घरी आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. करंगळीच्या मुळाशी हाड मोडलं होतं. जिंकताना मोडलं, असं ती सांगायची, जणू त्याने काही फरक पडत होता.

परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही दोघी कॉलेजात गेलो. बाबूंसमोर मी उभी होते, पण बोलत तीच होती. ते म्हणाले, लेखनिक मिळेल, पण तो तुमच्यापेक्षा खालच्या वर्गात शिकणारा पाहिजे.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माय, तूच बस वं. चौथी हायेस, नियमात बसतेस."

आम्ही दोघी हसलो. गेटजवळ उभं राहून हसलो. त्यानंतर ती तशी हसलेली मला आठवत नाही.

अकरावीच्या मुलींची स्वतःची परीक्षा जवळ आली होती. वस्तीतली एक नववीतली मुलगी तयार झाली. अक्षर सुंदर, स्वभाव गरीब. तिचं अक्षर पाहून आम्ही निश्चिंत झालो. घरातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नाही की सायन्सचा पेपर इंग्रजीत असतो आणि ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकते. एम.ए. झालेल्या माझ्या मुलाच्याही नाही.

मी केंद्राबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. आत काय झालं ते नंतर कळलं. माझी मुलगी एकेक शब्द अक्षर-अक्षर करून सांगत होती, ती नववीतली मुलगी लिहीत होती, खोडत होती, परत विचारत होती. जादा वेळ मिळाला, तोही पुरला नाही. येत असलेली उत्तरंही तशीच राहिली. जीपमध्ये ती नववीतली मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "काकू, माह्यामुळं झालं." माझी मुलगी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "रडू नको बे. तुह्यामुळं काई नाई झालं."

ती भौतिक आणि रसायनात नापास झाली. सरांना तिने फोन केला. ते म्हणाले, हात पक्का होऊ दे, मग बोलू. नंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या एका मुलीला शहरात पाठवल्याचं मुलाने जीपमध्ये कोणाकडून तरी ऐकलं. त्याने घरात सांगितलं नाही, मला एकटीला सांगितलं. पण ते तिला आधीच माहीत होतं.

फेरपरीक्षेचा अर्ज भरायची तारीख निघून गेली. त्याआधी मी तिला म्हटलं होतं, "भर ना बाई." ती म्हणाली, "भरून काय करू, माय?" तिने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

जुलैत सोयाबीनचं निंदण, तण काढायचं काम निघालं. एका सकाळी मी विळा घेऊन निघाले, तर ती चपला घालून दारात उभी. मी काऊन म्हणून विचारलं नाही.

तिला हे काम कधी शिकवलं नव्हतं, मुद्दामच. पण दुपारपर्यंत ती सगळ्या बायांच्या पुढे गेली. तिचा दम तुटत नव्हता, कंबर दुखत नव्हती. हात असा चालत होता की तण राहिलं का ते मागे वळून पाहावं लागत नव्हतं. टोळीची मुकादमीण माझ्याजवळ आली आणि कौतुकाने म्हणाली, "कामाची हाये वं तुही पोरगी. इतके दिवस काऊन घरी ठुली?"

मी हातातलं तण बाजूला टाकलं.

"उद्या घेऊन येजो," ती म्हणाली.

मुलीने सोयाबीनच्या तासातून मान वर न करताच सांगितलं, "हाव, मावशी. येतो."