मशाल घेऊन मी थांबलीच नाही

हात वर राहीन का नाही, एवढीच मले धास्ती होती.

कळमन्याच्या बाजारात मी जिंदगीभर संत्र्याचे टोपले वाह्यले. नवरा लवकर गेला, पोरगी लहान होती, शाळा माही दोन वर्गाची. एकदा ट्रकावरून पेटी घसरली ते सरळ उजव्या खांद्यावर आली. तिसऱ्या रोजी फडकं बांधून कामावर गेली. बसून कसं भागनार होतं? तवापासून तो हात मुश्किलीनं वर जाते, आनि एकदा खाली आला का लवकर पुन्हा जात नाही. डाव्या हाताले तर पकडच नाही.

माही नात मैदानावर धावाले जाते. तिथं मोठ्या खेळाचं उद्घाटन होतं, मशाल येनार होती. तिथल्या सराले वस्तीतली एक कष्टाची म्हातारी पाह्यजे होती, चौकापासून गेटापर्यंत मशाल धराले. नातीनं मले न विचारता माहं नाव देऊन टाकलं. मी भांडली, पन आतून गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या. आठ दिवस पान्याची भरली बाटली वर धरून अंगनात चकरा मारल्या. शेजारीन म्हने, काहून वं, कोनाले मारून राहिली?

त्या दिवशी लुगड्यावर पांढरं बनियन घातलं, पायात नातीचे बूट. सरानं दहादा सांगतलं का मैदानाच्या गेटाच्या अलीकडं पांढऱ्या रेषेवर थांबायचं, तिथं एक पोरगी तिची मशाल घेऊन उभी राहीन, तिची पेटवून द्यायची. मी हाव म्हनलं.

मशाल पेटली. हात वर गेला. ढोल वाजे, लोकं दोन्ही बाजूनं मोबाईल धरून, आनि मी चालली. चालली काय, पयत सुटली म्हना. खांदा जळत होता, पन हात वरच.

आता आमच्या कामात असं आहे का भार घेतला का मधात थांबायचं नाही. कोनी हात लावून उतरवून घेतलं, तवाच पाय थांबते. रेषेवर कोनी हात लावलाच नाही. ते पोरगी आपली ताठ उभी, हासून राहिली. मी तिच्या समोरून निघून गेली.

मागं गलका झाला. सर ओरडले, "आजी, रेषा गेली." ते पोरगी धावत आली आनि म्हने, "आजी, थांबा ना, पेटवू द्या."

"थांबली का हात उतरन माय," मी म्हनलं. "तूच चाल संगं."

मंग आमी दोघी चालता चालता मशालीले मशाल लावाले लागलो. एकदा हुकली, दोनदा हुकली. गेट समोर दिसे. तिसऱ्यांदा भपकन पेटली, आनि ते पोरगी अशी पयाली का मैदानातले सारे उठून उभे राह्यले.

माही मशाल कोनीतरी विझवली. हात वरच अकडला होता. नातीनं कोपर धरून हळूहळू खाली घेतला.

"दुखते का वं आजी?"

"दुखू दे," मी म्हनलं. "पोचली ना."

तवापासून तो हात खांद्याच्या वर गेला नाही. वेनी आता नात घालून देते, आनि घालता घालता मैतरिनींले फोनवर सांगते का आजी रेषा ओलांडून कशी सुसाट निघाली. केस ओढल्या जाते, पन मले बाई हासूच येते.