विलायती टीव्ही सोडवणारी बाई

दुबईजवळच्या अजमानमध्ये, जुन्या सामानाच्या बाजारात मी कपाट बघायला गेलो होतो. दुकानदार एक लाकडी विलायती टीव्ही हातोडीनं आतून मोकळा करायला निघाला होता. कुठल्याशा कॅफेला शोभेसाठी नुसतं खोकं हवं होतं.

“थांबा,” एक म्हातारी इंग्रज बाई म्हणाली. तरुणपणी ती इंग्लंडात ह्याच टीव्हीच्या कारखान्यात तारा जोडायची, असं तिनं सांगितलं.

“मॅडम, ये तो खलास है.”

“ठाऊक आहे. कारखानाही असाच एका सकाळी बंद केला. अर्धे जोडलेले टीव्ही टेबलांवर तसेच राहिले. हा तरी मी नीट सोडवते.”

दुकानदारानं स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि तो स्टुलावर बसला. ती एकेक तार सोडवून फडक्यावर ठेवत गेली. शेवटची तार निघाली, तेव्हा दुकानदार का कोण जाणे, उठून उभा राहिला.