दोन माणसांची मोटार

"थांबा वहिनी, ती काहीतरी सांगतेय," असं म्हणून भावोजी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. इंजिन चालू, धूर सगळा माझ्या स्वयंपाकघरात, आणि हे गृहस्थ समाधी लागल्यासारखे उभे. मी खिडकीतून ओरडायची, की मला ऐकू येतंय ती काय म्हणतेय ते, म्हणतेय मला भंगारात द्या. ते डोळे मिटलेलेच ठेवून हसायचे आणि हातानं पुन्हा थांबा म्हणून खूण करायचे.

ही मुलुंडची गोष्ट, साठ सालानंतरची. आग्रा रोडपासून थोडं आत आमची बिल्डिंग. तळमजल्यावर आम्ही, आमच्या डोक्यावर भावोजी आणि त्यांची बायको सुमन. बिल्डिंगीतल्या सगळ्याजणी त्यांना भावोजी म्हणायच्या, म्हणून मीही. जवळच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथला गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची ही जुनी, शर्यतीच्या थाटाची मोटार कुणी घेईना. ती ह्यांनी घेतली. हिरवी, दोनच माणसांची, डोक्यावर कापडी टप आणि त्यालाही भोकं. चाकं सायकलसारखी तारांची. आत बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटायचं, पाय लांब करायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. मी एकदा बसलेय म्हणून सांगते. उतरताना मला दोघांनी ओढून काढलं होतं.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिक नव्हते का मुलुंडात? होते की. पण दुसऱ्याचा पाना लागला की मला झोप येत नाही, असं भावोजींचं म्हणणं. रविवारी सकाळी चहा झाला की ते जुना लेंगा घालून गाडीखाली शिरायचे, ते जेवायला हाक मारली की बाहेर यायचे. नखांतलं काळं ग्रीस काही केल्या जायचं नाही. लग्नाच्या पंक्तीत सुमन त्यांना चमच्यानं जेवायला लावायची, आणि लोकांना वाटायचं माणूस फार साहेबी आहे.

दसऱ्याला लोक गाडीला झेंडूची माळ घालतात. भावोजी पाने, पक्कड, हातोडी सगळं पाटावर मांडून त्याची पूजा करायचे आणि गाडीला नुसतं कुंकवाचं एक बोट लावायचे. मी विचारलं, असं उलटं का हो? तर म्हणाले, "ती देवी नाही वहिनी, ती पेशंट आहे."

सुमन नाशिकची. तिच्या आईनं जावयानं मोटार घेतल्याचं ऐकलं तेव्हापासून एकच धोशा लावला होता, की माझी पोरगी दारात मोटारीतून उतरताना मला बघायचीय. म्हातारीनं खाट धरलेली होती. ती खाट तिनं मुद्दाम ओसरीवर हलवून घेतली, रस्ता दिसावा म्हणून. आणि भावोजींनी तिला शब्द दिला होता. टॅक्सी करून नेता आलं नसतं का? आलं असतं. पण तिला जावयाची मोटार बघायची होती आणि जावयाला ती आपल्या हातानं चालवून दाखवायची होती. दोघंही सारखीच हट्टी, आणि मध्ये कसारा घाट.

एका मे महिन्यात निघाली दोघं. सुमननं डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर आंब्याची करंडी. आम्ही सगळे हात हलवायला रस्त्यावर. संध्याकाळी परत आली ती ट्रकच्या केबिनमध्ये बसून, आणि मागे दोराला बांधलेली मोटार. घाटात इंजिनातलं पाणी उकळलं होतं. येताना वाटेत निम्मे आंबे ट्रकवाल्यानं संपवले होते. सुमन हसून हसून सांगत होती. भावोजींचं मात्र लक्षच नव्हतं. त्याच कपड्यांत त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी इंजिन सोडवून तुकड्यातुकड्यानं वर गॅलरीत नेलं. सुमनला आमटीला वाटी मिळेना, कारण प्रत्येक वाटीत एकेक स्क्रू. पोळपाटावर इंजिनाचे व्हॉल्व घासणारा माणूस मी तेव्हाच पहिला आणि शेवटचा पाहिला. ती चिडायची, बडबडायची, आणि मग त्यांच्यासाठी कंदील धरून तासन्‌तास उभी राहायची. माझा नवरा म्हणायचा, अशी बायको असती तर मीही विमान बांधलं असतं. मी म्हटलं, आधी घरातला गळका नळ बांधा.

नवरात्र आलं आणि गाडी सुरू झाली. काय सांगू, तिचा आवाजच बदलला होता. आधी खोकायची ती आता गुणगुणायला लागली. भावोजी तिला चेकनाक्यापर्यंत नेऊन आणायचे, मग ठाण्यापर्यंत, आणि परत आले की इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून त्याचा रंग सुमनच्या चहाशी ताडून बघायचे. बदामी हवा म्हणे. काळा झाला की पेट्रोल जास्त जातंय, पांढरा झाला की कमी. तो अगदी चहासारखा बदामी आला तेव्हा त्यांनी नाशिकला पत्र टाकलं, की भाऊबीजेला येतो. म्हातारीनं म्हणे गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

आता नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. निघण्याआधी शेवटची सफाई म्हणून भावोजींनी कार्बोरेटर उघडला. त्यात दोन पितळी सुया असतात, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. त्या सुईच्या जाडीवर इंजिनात किती पेट्रोल जायचं ते ठरतं. त्या सुया त्यांनी गॅलरीत वाटीभर रॉकेलमध्ये भिजत ठेवल्या आणि ते कामावर गेले.

दिवाळी तोंडावर आलेली. आम्ही सगळ्याजणी मागच्या नळावर भांडी घेऊन बसलो होतो. समया, ताम्हनं, तांब्ये, घंगाळं, जिचं जे पितळ असेल ते. चिंच, रांगोळी आणि नारळाची शेंडी. सुमन तिची देवाची भांडी घेऊन आली आणि त्यात ती वाटीही. म्हणाली, ह्यांच्या गाडीचं पण पितळ आहे, किती काळवंडलंय बघा, देवांबरोबर तेही लख्ख करून टाकते. आणि बसली की हो घासायला. सुमनचा हात म्हणजे ताकदीचा. सुया अशा निघाल्या, की आम्ही सगळ्या बघत राहिलो. सुपात घालून तिनं त्या उन्हात वाळवल्या.

संध्याकाळी भावोजी आले. सुमन सूप घेऊनच पुढे झाली. त्यांनी एक सुई उचलली, बोटांत फिरवली, उजेडाकडे धरली. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "छान निघालीत गं." एवढं बोलून खाली आले आणि गाडीत नुसतेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच सुया बसवून बघितल्या. काळाकुट्ट धूर, आणि गाडी घशात घास अडकल्यासारखी करायची. मी पदर नाकाला लावून बाहेर गेले आणि विचारलं, काय झालं हो, परवापर्यंत तर चांगली होती. ते काही नाही म्हणून पाना फिरवत राहिले. मी काय सोडतेय! शेवटी त्यांनी सांगितलं, की घासून सुया बारीक झाल्या, त्यामुळे पेट्रोल जास्त जातंय, आणि इथे त्या मिळत नाहीत, बाहेरून मागवायला लायसन्स लागतं.

मी म्हटलं, मग सुमनला सांगा ना तसं, ती बिचारी बॅग भरतेय.

ते म्हणाले, "सुई मी पुन्हा करीन वहिनी. पण हे तिला कळलं तर जन्मभर ती पितळेला हात लावताना आईला आठवेल. कुणाला सांगू नका."

माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या मुलुंडला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. तरी त्यांनी मला सांगितलं.

सुमनला त्यांनी सांगितलं, की मीच घाईत चुकीचं बसवलं, माझ्या हातून भाग बिघडला, तू ह्या वेळी एसटीनं जा. ती जिन्यात बसून रडली. तो माणूस समोर उभा राहून ऐकून घेत होता. चांगली चालती गाडी तुम्हाला बघवत नाही, सारखं आपलं उघडायचं नि जोडायचं, आता आईला मी काय तोंड दाखवू, असं सगळं. मी दाराआड उभी. ओठ इतके घट्ट मिटून घेतले होते की दुखायला लागले.

म्हातारी माघात गेली.

तेरावं उरकून नाशिकहून परत आल्यावर सुमन त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. रविवारी ते गाडीखाली शिरले की ही वरची खिडकी लावून घ्यायची. एकदा मला राहवलं नाही. मी जिना चढायला लागले, तर भावोजी वरून उतरत होते. माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी हात जोडले. मी आपली मागे फिरले आणि घरी येऊन भाजी करपवली.

सुया त्यांनी केल्या. पितळेची कांडी हातानं फिरवायच्या ड्रिलमध्ये धरायची आणि पॉलिश पेपरनं घासायची, मोजायची, पुन्हा घासायची. जरा जास्त घासलं की ती टाकून नवी कांडी. गाडीत घालून ठाण्याला जाऊन यायचं, प्लग बघायचा. काळा, काळा, पांढरा, पुन्हा काळा. त्या दिवसांत त्यांच्या चहाचा रंग कुणी बघत नव्हतं.

पुढच्या भाऊबीजेला गेली दोघं. ह्या खेपेला घाट चढली मोटार. सुमनच्या भावानं दारात तिला ओवाळलं म्हणे, मोटारीला हो, आणि मग बहिणीला आत नेलं. आल्यावर सुमननं मला सगळं सांगितलं, ओसरीवरची खाट काढून टाकलीय हेसुद्धा. पण त्या प्रवासानं तिचा राग उतरला. पुढं पुष्कळ वर्षं दोघं त्या मोटारीतून हिंडली. तिचे केस उडायचे, ती त्यांना हळू चालवा म्हणून ओरडायची, आणि ते तिचं ऐकायचे.

भावोजी गेले ते अगदी अचानक. कामावरच छातीत दुखलं. त्यांच्यामागे मोटार वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. सुमन तिला हात लावायची नाही आणि कुणाला लावू द्यायची नाही. शेवटी चेंबूरच्या एका गृहस्थांना तिनं ती देऊन टाकली. तेही स्वतः गाडी खोलणाऱ्यातले, म्हणून.

ते गाडी घेऊन गेले त्या दिवशी आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. गाडी वळणाआड गेली, आवाज येत होता तोवर सुमन ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळं केलं गं त्यांनी माझ्यासाठी. कधी शब्दानं दुखवलं नाही. पण ती एक दिवाळी मी त्यांना माफ नाही करू शकले. आईनं बघितलं असतं मला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य आणि तो माणूस तिच्या मनात धुऊन निघाला असता. पण मग तिचं काय? आणि आता तर समजूत घालायला तेही नव्हते. मला इतकं रडू येत होतं, की मी तिच्याकडे बघितलंच नाही. रस्त्याकडे बघत म्हटलं, "अगं, पुरुषांचं असंच असतं. चांगलं चाललेलं उघडून ठेवायची खोडच असते त्यांना."

"हो ना," सुमन म्हणाली, आणि माझा हात धरून आत चालायला लागली.