बर्फातली शिशी

अड्याळच्या बाजारात बायजाबाईच्या पाटीतली मासोळी दुपार टळली तरी ताजीच असायची. कोणी नाकाशी नेऊन हुंगली, की ती म्हणे, "हुंगा, हुंगा. वास आला तं फुकट घेऊन जा." तिची रीत सासूकडून आलेली. बर्फाचा चुरा, त्यावर मूठभर खडेमीठ, भोवती धानाचा भुसा. मिठानं बर्फ आणखी गार पडतो आणि मासोळी दगडासारखी राहते.

तिचा नवरा सुखराम तलावात जाळं टाकायचा. शुगरनं त्याच्या पायांची जाणीव गेली, मग गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई लावली. सुई द्यायला बायजाबाई दवाखान्यातल्या नर्सकडून शिकली. रोज सकाळ-संध्याकाळ ती सुई टोचायची आणि मी, शेजारीण, तिथं असले की सुखराम माझ्याकडं बघून म्हणायचा, "पाहा ताई, जिंदगीभर मासोळ्यायले भोसकलं, आता मले भोसकते."

त्याला समुद्र पाहायचा होता. "सारी जिंदगी तलावात गेली. मोठं पाणी एकडाव तं पाहू द्या," एवढंच त्याचं मागणं. मागच्या हिवाळ्यात पवनीहून जगन्नाथपुरीची बस निघाली तेव्हा त्यानं हट्टच धरला. मुलगा अंकुश म्हणाला, "बाबूजी, एवढ्या दूर काहून जाता? सुई चुकली तं?" बायजाबाई मध्ये पडली. "सुई मी देतो ना. जसा नेतो तसा आणतो तुह्या बापाले."

तो शब्द तिनं दिला आणि तयारीला लागली. मी गेले तेव्हा अंगणात बाजेवर सगळं मांडलेलं. सुखरामसाठी एक नंबर मोठे कॅनव्हासचे बूट आणि सुती मोजे, पायाला फोड यायला नको म्हणून. उकळून गार केलेलं पाणी. लाखोळीच्या डाळीचे वडे. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागं अंकुशचा फोन नंबर तिनं दोऱ्यानं काढला होता. म्हणाली, "गर्दीत हरवला तं कोणी वाचीन." सुखराम म्हणाला, "मी काय बकरी हावो व?"

इन्सुलिनच्या शिशीचं काय, मी विचारलं. डॉक्टरांनी 'थंड ठेवा' सांगितलं होतं. तिनं लहान थर्माकोलचा डबा उघडून दाखवला. बर्फ, मीठ, भुसा आणि मधोमध फडक्यात बांधलेल्या दोन शिश्या. "ताई, माह्या डब्यात वस्तू खराब होत नाई."

बस थांबेल तिथं ती आधी बर्फ शोधायची. ओडिशातली बोली तिला येत नव्हती, पण मासोळीवाल्या बायांशी बर्फाची भाषा हातानंच जमली. दोघीचौघींनी पैसेही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीच शिशीत पांढरे कण दिसले. तिनं हातात घोळवून, हलवून ते मोडले आणि वेळेवर सुई दिली. एकही चुकवली नाही.

पुरीला सुखराम गुडघाभर पाण्यात उभा राहिला. ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला. "इतकं पाणी, अन् एक घोट कामाचा नाई!" किनाऱ्यावर सगळे हसले. त्या दिवशी त्याला तहान फार लागली. समुद्राच्या खाऱ्या हवेनं लागते, असं बसमधले म्हणाले. बायजाबाईनं त्याला शहाळ्यांवर शहाळी पाजली. तो सारखा लघवीला उठत होता. तेही पाणी जास्त झाल्यानं, असंच तिला वाटलं.

परतीच्या वाटेवर तो बोलेनासा झाला. आधी झोप म्हणाले, मग हलवूनही उठेना. श्वास जोरजोरात चाललेला. वाटेतल्या एका शहरात बस दवाखान्याकडं वळवली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शुगर तपासली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "इन्सुलिन बंद किया था क्या?" बायजाबाईनं डबा पुढं केला. "एक टाइम भी नहीं छोडा, बाई. बरफ में रखा, नमक डालके." डॉक्टरीणबाईंनी शिशी उजेडात धरली. मग हळू आवाजात सांगितलं, की इन्सुलिन गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. गोठलं की त्यातली ताकद जाते.

सुखराम दुसऱ्या पहाटे गेला.

अंकुश गाडी घेऊन पोचला, बापाला घेऊन आला. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते मायनं त्याला वाटेतच सांगितलं. त्यानं तिला बजावलं, "हे कोणालेच सांगायचं नाई. अटॅक आला मनायचं." पोरगा रागानं नव्हता बोलला. आपल्या मायकडं कोणी बोट दाखवू नये, एवढंच त्याला हवं होतं. गावानंही अटॅकच मानला. "समुद्र पाहून गेला, नशीबवान," म्हणत लोक येत-जात राहिले. बायजाबाई भिंतीला टेकून मान हलवायची. माझ्याजवळ एकदाच म्हणाली, "ताई, मी आपल्या हातानं पाणी टोचत होतो जी." मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

तेरवीला मांडवात पंगत उठली आणि पाहुणे निघायच्या तयारीत होते. सुखरामचा चुलतभाऊ धनीराम लाखांदूरहून आला होता. त्यालाही सुईच होती. त्याची बायको उषाबाई बायजाबाईचा निरोप घ्यायला वाकली. "येतो बाई. पुढच्या महिन्यात आमी बी तिरुपतीले चाललो. तुमाले बरं वाटलं तं चला, मन रमीन."

"सुईची शिशी कशात नेता?" बायजाबाईनं विचारलं.

अंकुश पाण्याचा जग घेऊन फिरत होता. तो थांबला. "माय, त्यायले जाऊ दे. बस चुकंन."

"कशात नेता व, उषा?"

"बर्फात. तुमच्याकडूनच तं शिकली मी, मागच्या वर्षी मासोळी भरताना पाहून. दाबून ठेवतो, बिलकुल वितळू देत नाई."

"माय!" अंकुश म्हणाला.

बायजाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. मांडवातल्या बाया, पुरुष, दारात चपला शोधणारे, सगळे तिच्याकडं बघू लागले. "अटॅक नवता आला," ती म्हणाली. "माह्या बर्फानं दवा मेली. शिशी बर्फाले लागली अन् गोठली. मी तेच टोचत राहिलो. उषा, ओल्या फडक्यात ठेवजो. मडक्यात ठेव, सावलीत ठेव. बर्फाले लागू नको देऊ."

मग पाहुण्यांमधली एक म्हातारी पुटपुटली, "तरी म्या मनत होतो, बाईनं काईतरी केलं असंन." अंकुशनं जग खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

उषाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बायजाबाईचा हात धरायला हात पुढं केला. बायजाबाईनं आपला हात पदरात घेतला. "मले नको समजावू," ती म्हणाली. "मी काय सांगतली ते पाठ म्हणून दाखव."

भरल्या मांडवात उषाबाई शाळेतल्या पोरीसारखी म्हणत गेली, ओलं फडकं, मडकं, सावली. बायजाबाईनं तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मग ती खाली बसली.